पक्षी उशिरा येतात, की ऋतू लवकर?

थंडी पडायला लागली की पाणथळ जागांबद्दलच्या बातम्या सुरू होतात. एका वर्षी "पाहुणे पक्षी उशिरा आले", दुसऱ्या वर्षी "संख्या रोडावली", तिसऱ्या वर्षी "विक्रमी संख्येने आगमन". तिन्ही बातम्यांत कारण एकच दिलेलं असतं, हवामानबदल. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की तापमान अंश-दीड अंशाने वाढलं म्हणून हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याचं एवढं काय बिघडतं? आणि एकाच कारणाने कधी पक्षी घटतात, कधी वाढतात, हे कसं?

बिघडतं ते वेळापत्रक, आणि बिघडतात वाटेतले थांबे. बाकीचे बहुतेक परिणाम या दोहोंतून येतात. पण त्याआधी 'पाहुणे' या शब्दाचं बघू, कारण तो शब्दच दिशाभूल करतो. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात वीण करणारे कित्येक लहान पाणपक्षी तिथे जेमतेम दीड-दोन महिने असतात. वर्षातला बाकीचा सगळा काळ त्यांचा दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर, दलदलीत आणि प्रवासात जातो. जिथे आपण त्यांना पाहुणे म्हणतो, तिथेच ते सर्वांत जास्त दिवस राहतात.

## मुळात जातात कशासाठी?

थंडी वाजते म्हणून नव्हे. पिसांचं पांघरूण चांगलंच उबदार असतं. पण पाणी गोठलं, जमीन बर्फाखाली गेली, किडे दिसेनासे झाले, की खायचं काय? म्हणून दक्षिणेकडे. मग परत उत्तरेला का जायचं, तर तिथला उन्हाळा लहान असला तरी भरघोस असतो. दिवस लांब, काही ठिकाणी तर सूर्य मावळतच नाही. किड्यांचे थवे असतात आणि पिल्लांना भरवायला जास्त तास मिळतात. जगातल्या सुमारे ११ हजार पक्षीजातींपैकी साधारण पाचवा हिस्सा जाती अशी नियमित ये-जा करतात. आर्क्टिक सुरय हा जेमतेम १०० ग्रॅमचा पक्षी वर्षभरात सरासरी ७० हजार किलोमीटर उडतो.

## निघायची तारीख कोण ठरवतं?

समजा, एखादा पक्षी आफ्रिकेत आहे आणि त्याची वीण उत्तर युरोपात होते. तिथला बर्फ वितळला की नाही, हे त्याला आफ्रिकेत बसून कळणार कसं? त्याच्याकडे भरवशाची एकच खूण असते, ती म्हणजे दिनमान. सूर्योदय ते सूर्यास्त हा काळ दरवर्षी त्या-त्या तारखेला तेवढाच असतो. पक्ष्याच्या मेंदूत आतवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. दिनमान ठरावीक टप्प्यावर आलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते आणि रात्रीची झोप उडते. पिंजऱ्यात वाढवलेले स्थलांतरी पक्षीही त्या दिवसांत रात्रभर फडफडतात, आणि तेही ज्या दिशेला जायचं त्याच बाजूला तोंड करून.

हजारो वर्षं ही व्यवस्था बिनचूक चालली, कारण दिनमान आणि ऋतू एकमेकांना धरून होते. आता ऋतू सरकतोय. दिनमान मात्र पृथ्वीच्या कललेल्या अक्षावर अवलंबून आहे, ते सरकत नाही. पक्षी जुन्या पंचांगाने निघतो आणि पोचतो तिथे नवं पंचांग लागू झालेलं असतं.

## चुकामूक: पंगत उठल्यावर पोचणं

याचं सर्वांत बारकाईने अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे पाइड फ्लायकॅचर, चिमणीहून लहान असा काळा-पांढरा माशीमार. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत, वीण युरोपातल्या ओकच्या जंगलांत. तिथे वसंतात ओकला कोवळी पालवी फुटते, त्याच सुमारास पतंगांच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि पालवीवर तुटून पडतात. पानं जून झाली की कडवट आणि चिवट होतात. अळ्याही तोवर कोषात जातात. भरपूर अळ्या मिळण्याचा हा काळ जेमतेम तीन आठवड्यांचा.

आता पक्ष्याचा हिशेब मांडू. आल्यावर जोडी जमवून घरटं बांधायला आठवडाभर. रोज एक याप्रमाणे सहा अंडी, म्हणजे सहा दिवस. उबवायला साधारण १३ दिवस. पिल्लांची भूक सर्वांत जास्त असते ती आठव्या-दहाव्या दिवशी. बेरीज केली तर पोचल्यापासून पाच आठवड्यांनी ही वेळ येते. त्या दिवसांत आई-बाप मिळून दिवसाला शेकडो फेऱ्या मारतात, आणि नेमक्या तेव्हाच अळ्या भरपूर असाव्या लागतात.

अळ्या तापमान पाहून वाढतात. वसंत लवकर ऊबदार झाला की त्या लवकर निघतात आणि लवकर संपतात. नेदरलँड्समध्ये १९८० ते २००० या काळात अंडी घालायची तारीख पक्ष्यांनी काही दिवस अलीकडे ओढली, पण येण्याची तारीख फारशी हलली नाही. म्हणजे विश्रांतीचे दिवस कापले, धावपळ केली, तरी अळ्या पुढेच राहिल्या. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्या जंगलांत अळ्यांचा बहर सर्वांत लवकर येऊन जातो, तिथे हे पक्षी दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटले. जिथे बहर उशिरा येतो, तिथे घट फक्त १० टक्क्यांच्या आसपास. पक्षी तोच, प्रवासही तोच, फरक फक्त तारखांचा.

जवळच्या जवळ स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना हा फटका कमी बसतो. दोन-चारशे किलोमीटरवर असलेल्याला मुक्कामावरच्या हवेचा अंदाज येतो, तो आठवडाभर आधी निघू शकतो. लांब पल्ल्याच्या पक्ष्याला ती सोय नाही.

मग त्याने वेगाने का जाऊ नये? बार्नेकल गूज या कलहंसांनी तेही करून पाहिलं. बर्फ लवकर वितळला त्या वर्षी ते वाटेतले थांबे टाळून थेट आर्क्टिकला पोचले. पोचले खरे, पण अंगावर चरबी उरली नव्हती. अंडी घालण्याआधी त्यांना तिथेच खात बसावं लागलं आणि वाचवलेले दिवस त्यातच गेले.

## टाकी भरायचे थांबे

चरबी हे पक्ष्याचं इंधन. तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थापेक्षा तिच्यात दुपटीहून जास्त ऊर्जा असते आणि ती साठवायला शरीरात वेगळं पाणी लागत नाही. तीन ग्रॅमचा एक हमिंगबर्ड मेक्सिकोच्या आखातावरून ८०० किलोमीटरची झेप घेण्याआधी जवळपास दुप्पट वजनाचा होतो. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, ज्याला इंग्रजीत बार-टेल्ड गॉडविट म्हणतात, तो तर याहून पुढे जातो. अलास्काहून निघताना त्याच्या वजनात निम्मी चरबी असू शकते, आणि ओझं कमी करायला त्याचं यकृत आणि आतडी आधीच आकसलेली असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अशाच एका पिल्लाने, तेही जेमतेम पाच महिन्यांच्या, अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, एकदाही न उतरता कापलं. पाठीवरच्या उपग्रह-यंत्रामुळे ही नोंद झाली.

पण परतीच्या वाटेवर हाच पक्षी एका दमात जात नाही. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडून उत्तरेला जाताना तो चीन आणि कोरियाच्या मधल्या पिवळ्या समुद्रावर उतरतो. ओहोटीला तिथे उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांत किडे आणि शिंपले खातो, महिनाभर अंग भरतो आणि मग अलास्का गाठतो. पूर्व आशियातल्या लाखो पाणपक्ष्यांची टाकी याच चिखलावर भरते. पन्नास वर्षांत त्या किनाऱ्यावरचे दोन तृतीयांशापर्यंत चिखलपट्टे भराव आणि बांधांखाली गेले. दक्षिण कोरियात सेमांगम इथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या आत ग्रेट नॉट या पक्ष्यांचे प्रचंड थवे उतरत असत.

"एक जागा गेली तर शेजारच्या जागी जातील की", हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण ते पक्षी शेजारच्या जागी सापडले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवर हिवाळी मुक्कामाची मोजणी झाली, तिथेही संख्या घटलेली निघाली. कारण सोपं आहे. शेजारच्या चिखलावर आधीच पक्षी जेवत असतात आणि तिथे अन्न तेवढंच असतं. रस्त्यावरचे दोन पेट्रोलपंप बंद पडले की तिसऱ्यावर रांग लागते, पण पक्ष्याला रांगेत थांबायला वेळ नसतो. कमी चरबीवर निघालेला पक्षी समुद्रावरच पडतो, किंवा पोचतो पण त्या वर्षी अंडी घालत नाही.

टाकी भरायला अडथळा शेतातूनही येतो. बियाण्यांवर लावल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची अगदी थोडी मात्रा, म्हणजे अशा काही बियांत असते तेवढीच, कॅनडात काही रानचिमण्यांना देऊन पाहिली. सहा तासांत त्यांचं वजन घटलं आणि त्या थांब्यावर सरासरी साडेतीन दिवस जास्त अडकून पडल्या. मेल्या नाहीत, म्हणून विषबाधेच्या कोणत्याही यादीत त्या येणार नाहीत. पण वर मांडलेल्या पाच आठवड्यांच्या हिशेबात साडेतीन दिवस किती मोठे आहेत, ते बघा.

## एक सेंटिमीटर चोच

वेळ आणि जागा या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंततात, ते रेड नॉट या पक्ष्यात लख्ख दिसतं. त्याची एक शाखा सैबेरियाच्या तैमीर द्वीपकल्पावर वीण करते आणि हिवाळा पश्चिम आफ्रिकेत, मॉरिटानियाच्या बँक दार्गें इथल्या चिखलात काढते. उपग्रहांच्या चित्रांवरून दिसतं, की तैमीरवरचा बर्फ ३३ वर्षांत दरवर्षी सुमारे अर्धा दिवस आधी वितळू लागला, म्हणजे एकूण दोन आठवड्यांहून जास्त. पिल्लं अंड्यांतून बाहेर येईपर्यंत किड्यांचा बहर ओसरलेला असतो. अर्धपोटी वाढलेली पिल्लं लहान चणीची होतात आणि त्यांची चोचही आखूड राहते.

तरीही ती उडतात, आफ्रिकेत पोचतात. अडचण तिथे सुरू होते. त्यांचे आवडते शिंपले वाळूत खोल दडलेले असतात. चोच चार सेंटिमीटरची असेल तर त्यांतले दोन तृतीयांश हाती लागतात, तीन सेंटिमीटरची असेल तर एक तृतीयांशच. आखूड चोचीच्या पक्ष्यांना समुद्री गवताच्या मुळ्यांवर भागवावं लागतं आणि पहिल्याच वर्षात त्यांतले बरेच मरतात. आफ्रिकेतला चिखल शाबूत आहे, शिंपलेही आहेत. पक्षी मरतो आफ्रिकेत, पण त्याचं मूळ कारण हजारो किलोमीटर दूरच्या बर्फात असतं. स्थलांतरी पक्ष्यांबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये तो यासाठीच.

उलट दिशेनेही हेच घडतं. १९६९ च्या वसंतात ब्रिटनमध्ये व्हाइटथ्रोट हे वटवटे एकदम दिसेनासे झाले, आदल्या वर्षीच्या साधारण पाव हिस्साच परतले. ब्रिटनमधली झुडपं होती तशीच होती. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, जिथे ते हिवाळा काढतात त्या साहेल पट्ट्यात, पाऊस पडला नव्हता.

## "पण तलाव तर काठोकाठ भरलाय!"

पाणथळ जागांबद्दलचा हा सर्वांत मोठा गैरसमज आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. पाणी जितकं जास्त तितके पक्षी जास्त, असं वाटतं. प्रत्यक्षात कित्येक पाणपक्षी पोहत नाहीत, ते चालतात. त्यांच्यासाठी पाण्याची खोली ही पायाच्या आणि चोचीच्या लांबीइतकीच असावी लागते.

छोटे तुतवार आणि चिखल्या यांना ओला चिखल किंवा फार तर चार-पाच सेंटिमीटर पाणी चालतं. शेकाट्या, पाणटिवळे यांना १०-१५ सेंटिमीटरपर्यंत. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही बदकं पोहतात खरी, पण खाताना शेपटी वर करून डोकं बुडवतात. तळापर्यंत मान पोचायला हवी, म्हणून पाणी वीत-दीड वीत असेल तर उत्तम. त्याहून खोल पाण्यात फक्त बुडी मारणाऱ्या पक्ष्यांची सोय होते.

आता काठाचा उतार बघा. २० मीटर आडवं गेल्यावर एक मीटर खोली, असा मंद उतार असेल तर १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उथळ पाण्याचा पट्टा तीन मीटर रुंद मिळतो. सुशोभीकरणात काठ उभा करून दगड लावले आणि दोन मीटरला एक मीटर असा उतार झाला, तर तोच पट्टा ३० सेंटिमीटरवर येतो. पाणी तेवढंच, तलाव दिसायला देखणा, आणि चिखल्यांसाठी जागा एक दशांश.

पातळी हळूहळू उतरणं हेही तितकंच महत्त्वाचं. पाणी ओसरत जातं तसा दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे नव्याने हाती येतात. हंगामभर पातळी एकाच रेषेवर धरून ठेवली की ती वाढपच बंद होते. पाऊस लांबला आणि पाणी खोल राहिलं, तर पक्षी आलेले असूनही त्या तलावावर दिसत नाहीत, ते आसपासच्या डबक्यांत आणि पाणी साचलेल्या शेतांत पांगलेले असतात. "पक्षी उशिरा आले" या बातमीमागे कित्येकदा एवढंच असतं. उलट बाष्पीभवन वाढून तलाव लवकर आटला, तर परतीच्या प्रवासाआधी चरबी साठवायच्या नेमक्या दिवसांत चिखल कडक झालेला असतो. त्याची बातमी होत नाही, नुकसान मात्र त्यातच जास्त आहे.

## हवामान तर पूर्वीही बदलत होतं

बदलत होतं. शेवटचं हिमयुग ओसरलं तेव्हा स्थलांतराचे मार्गही नव्याने आखले गेले. पण ते हजारो वर्षांत झालं, आणि वाटेत दलदली, गवताळ माळ, जंगलं मोकळी होती. आज आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय, आणि सरकायला पुढची जागा उरेलच असं नाही.

पक्षी बदलू शकतात, हे मात्र खरं आहे. मध्य युरोपातले ब्लॅककॅप नावाचे काही वटवटे पूर्वी नैऋत्येला भूमध्य समुद्राकडे जात. १९६० च्या दशकापासून त्यांतले काही वायव्येला, ब्रिटनकडे जाऊ लागले. तिथले हिवाळे सौम्य झाले होते आणि बागांमध्ये लोक पक्ष्यांसाठी खाणं ठेवत होते. ही नवी दिशा त्यांच्या पिल्लांमध्येही उतरते, हे प्रयोगांनी सिद्ध झालं आहे. स्पेन-पोर्तुगालमधले बरेच पांढरे करकोचे आता आफ्रिकेला जातच नाहीत, कचरा डेपोंवर त्यांचा हिवाळा निघतो. म्हणून काही जातींची संख्या वाढलेली दिसते, आणि ती खरोखरच वाढलेली असते. जे काहीही खातात, जवळच्या जवळ जातात आणि माणसाजवळ राहू शकतात, त्यांना फायदा झाला. ठरावीक चिखल, ठरावीक अळी, ठरावीक आठवडा यांवर जगणारे मागे पडले.

सगळा दोष हवामानावर ढकलणंही बरोबर नाही. उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, म्हणजे दहातले जवळपास तीन. त्यामागे अधिवासाचा नाश, कीटकनाशकं, मांजरं, काचा, सगळं आहे. पण त्याच मोजणीत बदकं आणि हंस-कलहंस निम्म्याहून जास्त वाढलेले निघाले, कारण पाणथळ जागा राखायला कायदे आणि पैसा दोन्ही मिळाले. पिवळ्या समुद्रावरही चीनने २०१८ मध्ये किनाऱ्यावरचे व्यावसायिक भराव थांबवले, आणि चीन-कोरियातले काही चिखलपट्टे २०१९ व २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

## दिवे आणि काचा

बहुतेक लहान पक्षी रात्री प्रवास करतात. झगमगाट त्यांना खेचतो, ते तिथेच घिरट्या घालत चरबी जाळतात आणि पहाटे काचेवर आपटतात. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मृतीच्या प्रकाशझोतांत सात वर्षांतल्या सात रात्रींत ११ लाख पक्षी अडकल्याचा अंदाज आहे. झोत बंद केले की काही मिनिटांत ते पांगत. म्हणून स्थलांतराच्या आठवड्यांत रात्री अकरा ते पहाटे सहा गच्चीवरचे आणि दर्शनी भागावरचे दिवे बंद ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

काचेवर ससाण्याचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. ठिपके किंवा रेषा पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर, पूर्ण काचेवर आणि बाहेरच्या बाजूने हव्यात. आतून लावले तर काचेतल्या प्रतिबिंबात ते झाकले जातात. शिकागोतल्या एका इमारतीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिच्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लागली आणि मरणाऱ्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली.

## "यंदा कमी दिसले" याचा अर्थ कसा लावायचा?

एका तलावावरचा एका वर्षाचा आकडा फार काही सांगत नाही. ब्रिटनमध्ये बेविक हंस घटू लागले तेव्हा ते संपत चालले असंच वाटलं. युरोपभरच्या नोंदी जुळवल्यावर दिसलं, की हिवाळे सौम्य झाल्यामुळे ते अलीकडेच थांबतात, आणि त्यांच्या हिवाळी मुक्कामाचा मध्य सुमारे ५० वर्षांत जवळपास ३५० किलोमीटर पूर्वेला सरकला. एकूण संख्याही घटली होतीच, पण एका देशातल्या आकड्यावरून वाटली तेवढी नाही. सरकलेले किती आणि मेलेले किती, हे वेगळं करायला वाटेवरच्या अनेक ठिकाणची, अनेक वर्षांची मोजणी लागते.

ती मोजणी कोणीही करू शकतं, पण रीत सांभाळावी लागते. जागा तीच, वेळ तीच, दर पंधरा दिवसांनी. किती मिनिटं थांबलात आणि किती अंतर चाललात, ते लिहायचं. दुर्मीळ पक्षीच नव्हे, तर दिसलेली आणि ओळखता आलेली प्रत्येक जात, संख्येसकट. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते नजरेत धरायचं आणि त्या मापाने पूर्ण थवा मोजायचा. पाण्याची पातळी आणि उघडा चिखल किती, याची एक ओळ जोडायची, कारण ती नसेल तर दहा वर्षांनी पक्षी घटले की पाणी वाढलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि ज्या दिवशी काहीच दिसत नाही, त्या दिवशीही वही कोरी ठेवायची नाही. पहिला पक्षी नेमका कधी आला, हे त्याच्या आधीच्या रिकाम्या फेऱ्यांवरूनच ठरतं. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, आणि पक्ष्यांच्या रकान्यात ०.